आजोबांच्या वाड्याचं कुलूप उघडायचंय? उदगीरची गाडी पकडण्याआधी आत्याला फोन करा

पुण्यात नोकरी, हैदराबादला मावसभाऊ, मुंबईत काका. आणि उदगीरच्या जुन्या वस्तीत बंद पडलेला आजोबांचा वाडा. मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांची ही गोष्ट आहे. सुट्टीत कुणीतरी नातू-नात गावी जातं, गंजलेलं कुलूप उघडतं, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं. ‘आपण हे घर पुन्हा नीट करू,’ असं सगळेच लिहितात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मात्र कुलूप तसंच असतं.

घर परत मिळवणं, म्हणजे कायद्याने, कागदावर आणि प्रत्यक्ष राहण्यालायक करून मिळवणं, ही प्रक्रिया नेमकी काय आहे? ती अडते कुठे? समजून घेऊया.

थोडक्यात

- घर आजोबांच्या नावावर असेल तर ते एका नातवाचं नसतं. मुलींसह सगळ्या वारसांचा त्यात वाटा असतो.
- घरपट्टीची पावती हा मालकीचा अंतिम पुरावा नाही.
- उदगीरच्या जुन्या कागदावर ‘जिल्हा बिदर’ आणि फसली सन असू शकतं. तो कागद चुकीचा नसतो.
- मातीच्या माळवदावर सिमेंटचा स्लॅब टाकणं धोक्याचं ठरू शकतं.
- सगळ्यात आधी घरातल्या हयात असलेल्या सर्वात ज्येष्ठ व्यक्तीशी बोलायला हवं. बहुतेक वेळा ती आत्या असते.

कुलूप एकाच्या हातात, वाटे किती जणांचे?

एक उदाहरण घेऊ. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून उदगीरला घर बांधलं. १९७८ मध्ये मृत्युपत्र न करता ते गेले. मागे आजी, दोन मुलगे आणि दोन मुली. काही वर्षांनी आजीही गेल्या. घरावर मात्र आजही आजोबांचंच नाव आहे.

हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार आजोबांनंतर आजी आणि चार मुलं अशा पाच जणांना समान वाटा मिळाला. आजींनंतर त्यांचा वाटा चार मुलांत गेला. म्हणजे प्रत्येकाचा वाटा १/४ झाला. आजची स्थिती अशी धरू :

- थोरला मुलगा हयात नाही. पत्नी आणि दोन मुलं आहेत : प्रत्येकी १/१२
- धाकटा मुलगा आणि त्याची पत्नी हयात नाहीत. तीन मुलं आहेत : प्रत्येकी १/१२
- थोरली मुलगी आणि तिचे यजमान हयात नाहीत. तीन मुलं आहेत : प्रत्येकी १/१२
- धाकटी मुलगी हयात आहे : १/४

म्हणजे एका घराला दहा मालक. पुण्याहून आलेला, कुलूप उघडणारा थोरल्या मुलाचा मुलगा हा १/१२ चा धनी आहे. आणि धाकट्या आत्याचा वाटा त्याच्या तिप्पट आहे.

प्रत्यक्षात ‘घराचं काय करायचं’ ही बैठक बसते तेव्हा बोलावणं कुणाला जातं? चुलत भावांना. आत्याला नंतर ‘सहीपुरतं’ बोलावलं जातं आणि साडीचोळीवर बोळवण होते. अनेक घरांचं घोडं इथेच अडतं. कारण एका वारसाची सही राहिली तर घर विकता येत नाही, वाटणी होत नाही आणि बँकही कर्ज द्यायला धजावत नाही.

‘वडिलोपार्जित’ म्हणजे नक्की काय?

बोलण्यात आपण कुठल्याही जुन्या घराला वडिलोपार्जित म्हणतो. कायद्यात फरक आहे. पणजोबा, आजोबा, वडील अशी न वाटलेली, एकत्र कुटुंबाची मालमत्ता वेगळी आणि आजोबांची स्वकमाईची वेगळी. १९५६ च्या कायद्यातल्या कलम ८ नुसार वडिलांकडून मुलाला आलेली मालमत्ता ही मुलाची वैयक्तिक मालमत्ता मानली जाते, असं सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केलं होतं.

त्यामुळे वरच्या उदाहरणातली वाटणी सरसकट सगळ्यांना लागू होत नाही. घर कुणी घेतलं, कधी घेतलं, मूळ मालक कधी वारले, मृत्युपत्र होतं का, आधी वाटणी झाली होती का, या पाच उत्तरांवर वाटे बदलतात. मुस्लिम कुटुंबांत वारसा त्यांच्या वैयक्तिक कायद्यानुसार ठरतो. तिथे मुलीचा वाटा साधारणपणे मुलाच्या निम्मा असतो, पण तो असतोच.

लेकींचा हक्क : या तारखा लक्षात ठेवा

स्वकमाईच्या मालमत्तेत मुलीला १९५६ पासूनच मुलाइतका वाटा आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला हक्क मात्र टप्प्याटप्प्याने आला.

- २२ जून १९९४ : महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली मात्र यातून वगळल्या होत्या.
- ९ सप्टेंबर २००५ : केंद्राची दुरुस्ती देशभर लागू झाली. लग्न झालेली-न झालेली हा भेद संपला.
- ११ ऑगस्ट २०२० : विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना धक्का लागत नाही.

२००५ च्या दुरुस्तीतला आणखी एक बदल घरासाठी फार महत्त्वाचा आहे. जुन्या कायद्याच्या कलम २३ नुसार, कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीला स्वतःहून वाटणी मागता येत नव्हती. पुरुष वारस वेगळे होईपर्यंत तिने थांबायचं. हे कलमच २००५ मध्ये रद्द झालं. ‘राहत्या घरात लेकीचा वाटा नसतो’ हे आजही पारावर ऐकू येतं, पण कायद्यात त्याला आता जागा नाही.

कलम २२ मात्र कायम आहे. एखाद्या वारसाला आपला वाटा विकायचा असेल तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क सहवारसांना मिळू शकतो. घर कुटुंबातच ठेवायची इच्छा असणाऱ्यांसाठी हे कलम कामाचं आहे.

उदगीरच्या कागदावर ‘जिल्हा बिदर’ का असतं?

१७६० ची मराठे-निजाम लढाई आणि २०२२ चं ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यामुळे उदगीरचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. घराचे कागद शोधणाऱ्याला मात्र मधला इतिहास लागतो.

उदगीर हैदराबाद संस्थानात होतं आणि तालुका बिदर जिल्ह्याचा होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. पण उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला आणि उदगीर लातूरमध्ये आलं. उस्मानाबादचं नाव आता धाराशिव आहे.

म्हणजे घर जागचं हललं नाही, पण त्याचा पत्ता बदलत गेला. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या कागदावर बिदर किंवा उस्मानाबाद दिसलं तर तो कागद बाजूला टाकू नका.

भाषेचंही तेच. निजामाच्या काळात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. घरगुती चिठ्ठ्या, देण्याघेण्याचे कागद मोडीत असू शकतात. तारखेच्या जागी १३४५ असा आकडा दिसला तर ते फसली सन आहे. हैदराबाद संस्थानातल्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतं. १३४५ फसली म्हणजे १९३५-३६.

२०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मराठवाड्यातले हे निजामकालीन कागद पुन्हा चर्चेत आले. ते वाचू शकणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचं प्रशिक्षण देतं. हैदराबाद संस्थानचं बरंचसं दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे.

सीमा बदलली की घराचं काय होतं?

उदगीरकरांचा जिल्हा बदलला, राज्य बदललं, पण घरं ज्यांची होती त्यांचीच राहिली. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. याचं उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहिले. युद्ध संपेपर्यंत सीमा सरकली होती. त्यांच्यातल्या अनेकांची गावं पोलंडमध्ये उरलीच नव्हती, ती सोव्हिएत संघात गेली होती.

खुद्द पोलंडमध्ये युद्धानंतर सरकारने ताब्यात घेतलेल्या घरांसाठी वारस अनेक दशकं झगडत राहिले. २०२१ मध्ये तिथे कायदा बदलला आणि ३० वर्षांहून जुन्या प्रशासकीय निर्णयांना आव्हान देण्याची वाट जवळपास बंद झाली. तिथल्या नातवंडांना गावी जाऊन घर पाहता येतं, पण अनेकांना ते मागता येत नाही.

उदगीरच्या वाड्याचं तसं नाही. तो कुणी हिरावलेला नाही. इथे अडसर आहे तो वारसांनी स्वतः लावलेल्या विलंबाचा.

कोणता कागद कुठे मिळतो?

घर उदगीर शहरात असेल तर दोन वेगळी दप्तरं बघावी लागतात. नगरपरिषदेत मालमत्ता कर आकारणीची नोंद असते. भूमी अभिलेख खात्याच्या नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं. एका ठिकाणी नाव बदललं म्हणजे दुसरीकडे आपोआप बदललं, असं होत नाही.

घर तालुक्यातल्या खेड्यात, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बघा. पूर्वी अनेक गावठाणांत घरांचे नकाशेच नव्हते. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कुणाचं नाव लागलं आहे, हे आधी तपासा. बाहेरगावी राहणाऱ्यांची नावं सुटण्याची शक्यता इथे जास्त असते.

घराबरोबर शेत असेल तर सातबारा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो आणि प्रलंबित फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’वर दिसतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरपट्टी कुणी भरली किंवा आकारणी नोंदीत कुणाचं नाव आहे, एवढ्यावरून मालकी ठरत नाही. या नोंदी कर गोळा करण्यासाठी असतात, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. वीस वर्षं घरपट्टी भरणाऱ्या चुलत्याला हिशेबात तो खर्च मागता येईल, पण त्यामुळे घर त्याचं एकट्याचं होत नाही.

वारस नोंद : पायऱ्या

१. वंशावळ तयार करा. मूळ मालकापासून आजपर्यंत सगळी नावं. लेकी, वारलेल्या लेकींची मुलं, सगळे.

२. मृत्यूचे दाखले जमवा. जुन्या मृत्यूची नोंदच नसेल तर उशिराची नोंद करता येते. वर्षाहून अधिक उशीर असेल तर त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर जातो.

३. अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्या. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीतून. शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालय आणि नगरपरिषद, दोन्हीकडे.

४. हरकतीची मुदत थांबा. महसुली फेरफारात हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. ४० वर्षं उलटली म्हणून वारसाहक्क संपत नाही, पण काम किचकट होतं. शेतजमिनीसाठी एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवण्यात आली. मयतांची नावं कमी करून वारसांची नावं लावणं हा तिचा उद्देश. घराची मिळकत पत्रिका मात्र स्वतंत्रपणे बघावी लागते.

नोंद झाल्यावर कुणाला खरंच आपला वाटा सोडायचा असेल तर हक्कसोड पत्र करावं लागतं, आणि स्थावर मालमत्तेसाठी ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं सक्तीचं आहे. साध्या कागदावर किंवा स्टॅम्पवर नुसती सही घेऊन चालत नाही. वाटणीपत्राचंही तसंच.

‘किल्ली शेजाऱ्याकडे आहे’ : घर जाईल का?

बारा वर्षं राहिला की घर त्याचं, ही भीती सर्रास ऐकू येते. मुदतीच्या कायद्यात १२ वर्षांचा नियम आहे, पण त्यासाठी ताबा मालकाच्या विरोधात, उघडपणे आणि सलग असावा लागतो. तुम्ही परवानगी देऊन ठेवलेला माणूस, घर झाडून-पुसून ठेवणारा शेजारी किंवा भाडेकरू यांचा ताबा परवानगीचा असतो. घरात राहणारा एक वारस केवळ राहतो म्हणून इतर वारसांचे वाटेही संपत नाहीत.

तरी भरवशावर सोडू नका. किल्ली दिल्याचा दोन ओळींचा कागद, दरवर्षीची घरपट्टीची पावती, घराचे तारीखवार फोटो एवढं ठेवलं तरी पुढचे वाद टळतात.

आणि प्रत्यक्ष घर? माळवदाचं गणित

कागद झाले तरी घर उभं राहायला हवं. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, ढेलज, ओसरी, धान्याचं बळद आणि वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहतो तो या मातीमुळेच. दर पावसाळ्याआधी गळती रोखायला माळवदावर नवी माती टाकली जाते. जुनी खरवडून न काढता वर्षानुवर्षं माती टाकत गेलं, की थर वाढत जातो.

त्याचं वजन किती? १० बाय १२ फुटांची खोली आणि एक फूट जाडीचा थर धरला तर १२० घनफूट माती होते. म्हणजे कोरड्या मातीचेच पाच टनांहून जास्त. पावसात भिजली की आणखी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ रिश्टरच्या आसपासच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यामागे याच रचनेचा मोठा वाटा होता. जड छत आणि मातीत रचलेल्या, आतून न बांधलेल्या दगडी भिंती. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. त्यांना जुन्या घरात परतायची सोयच उरली नाही. किल्लारी आणि उदगीर एकाच लातूर जिल्ह्यात आहेत, हे वाडा दुरुस्त करताना विसरून चालणार नाही.

आत शिरण्याआधी हे बघा :

- भिंतीला पोट आलंय का? या भिंती आतून-बाहेरून दोन थरांच्या आणि मध्ये भर घातलेल्या असतात. वरून पाणी मुरलं की थर सुटतात आणि भिंत फुगते. अशा भिंतीखाली उभं राहू नका.
- तुळयांची टोकं भिंतीत जिथे जातात तिथे वाळवी किंवा कूज आहे का?
- भिंतीत पिंपळाचं रोप उगवलंय का? नुसतं उपटल्याने दगड निखळू शकतात.

दुरुस्तीत आधी माळवदावरचा जादा थर उतरवून वजन कमी करतात. मग भिंतीचे दोन्ही थर एकमेकांना बांधतात. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानक १३८२८ (१९९३) सांगतं, की भिंतीच्या आरपार जाणारे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असावेत. जुन्या भिंतीत हेच काम आरपार भोक घेऊन, सळई आणि काँक्रीट भरून करता येतं. मातीच्या भिंतींवर थेट सिमेंटचा स्लॅब टाकणं हा सर्रास दिसणारा, पण चुकीचा उपाय आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि जुन्या घरांचं काम जाणणारा गवंडी, दोन्ही लागतात.

घर फारच मोडकळीला आलं असेल तर नगरपरिषद ते उतरवण्याची नोटीस देऊ शकते. ही नोटीस ज्याचं नाव नोंदीत आहे त्याच्या नावे निघते. नाव १९७८ मध्ये वारलेल्या आजोबांचं असेल तर ती वारसांपर्यंत पोहोचणार कशी?

मग सुरुवात कुठून?

दहा वारसांच्या त्या उदाहरणाकडे परत जाऊ. नातवाकडे उत्साह आहे, थोडे पैसे आहेत आणि मोबाइलवर सातबारा काढायची सवय आहे. त्याच्याकडे नाहीत त्या दोन गोष्टी : मोठा वाटा आणि माहिती. घर कुणाकडून घेतलं, पणजोबांचं पूर्ण नाव काय, कोण कधी वारलं, कुणाला एकदा ‘दत्तक’ दिलं होतं, तोंडी वाटणी झाली होती का, कागदांची पेटी शेवटी कुणाकडे गेली. हे सगळं ज्या एका माणसाला आठवतं ती धाकटी आत्या आहे. तिच्या आठवणी कुठल्याही पोर्टलवर अपलोड झालेल्या नाहीत.

तिला फोन करा. ‘सही हवी होती’ इथून सुरुवात करू नका. तिच्या वाट्याचं आधी बोला. मग विचारा :

- घर आजोबांनी घेतलं की त्यांच्या वडिलांनी? साधारण कधी?
- आजोबांच्या सगळ्या भावाबहिणींची नावं काय? त्यांच्यात वाटणी झाली होती का?
- कोण कोणत्या साली, कोणत्या गावी वारलं?
- खरेदीखत, उर्दू किंवा मोडी कागद कुणाकडे आहेत?
- घराच्या चारही बाजूंना तेव्हा कुणाची घरं होती? (जुन्या कागदातली चतुःसीमा याच नावांनी लिहिलेली असते.)

तिची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी वंशावळ कागदावर उतरवून काढा. शक्य असेल तर उदगीरला जाताना तिलाच सोबत घ्या. कोणत्या खोलीची भिंत आधीपासून ओली असायची, हेही तिलाच ठाऊक असतं. कुलूप त्यानंतर उघडा.